सिम्स ४ मध्ये एकाच साच्याची माणसं टाळायची कशी

आठ जणांचं कुटुंब मेहनतीने तयार केलं, घरात सोडलं, आणि थोड्याच वेळात कोण भाऊ, कोण मेव्हणा, कोण शेजारी हे शर्टाच्या रंगावरूनच ओळखावं लागतं. सिम्स ४ हा आभासी माणसं (सिम) घडवून त्यांचं घर चालवायचा गेम खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. गेममध्ये पर्याय कमी आहेत म्हणून हे होत नाही. आपण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतो म्हणून होतं. बहुतेक जण क्रिएट अ सिम (गेमचा माणूस घडवायचा भाग), म्हणजे कॅस, उघडलं की आधी केस आणि कपडे निवडतात, मग आवडतं नाक, आवडते डोळे, आवडती हनुवटी. आवड एकाच माणसाची असल्याने चेहरेही एकाच घराण्याचे निघतात. शिवाय रूप आणि स्वभाव एकाच दमात ठरवले की आपल्या मनातले ठोकळेही आपोआप आत येतात: चष्मेवाला हुशार, जाडा खादाड, म्हातारी चिडकी.

म्हणून पहिला नियम असा: माणूस आधी ठरवा, चेहरा नंतर. रूप आणि स्वभावही वेगवेगळे बसून ठरवा. बाकी सगळी कृती याच दोन गोष्टींवर उभी आहे.

सिम्स ४ चा मूळ गेम १८ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. खाली जे सांगितलंय ते जिथे वेगळा उल्लेख नाही तिथे मूळ गेममध्येच करता येतं, पॅक, म्हणजे गेमच्या जादा जोडण्या, विकत घ्यावे लागत नाहीत.

कॅस उघडण्याआधी

एक कागद घ्या. प्रत्येक सिमसाठी चारच गोष्टी लिहा: नेमकं वय (फक्त 'प्रौढ' नको, 'सत्तेचाळीस' लिहा), दिवसभर काय काम करतो, घरात कोणाशी रक्ताचं नातं आहे आणि कोण बाहेरून आलंय, आणि एक अशी गोष्ट जी बाकीच्यांशी जुळत नाही. चौथी गोष्ट सगळ्यात कामाची. पहाटे पाचला उठणारा पण घर कधीच न आवरणारा. सगळ्यांशी गोड बोलणारी पण मुलं आसपास आली की कावरीबावरी होणारी. गेममधले स्वभाव मोजके असतात, पण अशी एक विसंगती मनात पक्की असली की तेच मोजके स्वभाव वेगळे वागायला लागतात.

स्वभावासाठी चिठ्ठ्या करा. चिअरफुल, ग्लूमी, लोनर, आउटगोइंग, नीट, स्लॉब, परफेक्शनिस्ट, बुकवर्म, हॉट-हेडेड, फॅमिली-ओरिएंटेड, व्हेजिटेरियन, लव्हज आउटडोअर्स अशी प्रत्येकाची एकेक चिठ्ठी, वीस-पंचवीस तरी. सिमचं रूप पूर्ण झाल्यावर दोन चिठ्ठ्या उचला आणि तिसरा स्वभाव कागदावरचं वाचून स्वतः निवडा. चिठ्ठीत परस्परविरोधी जोडी आली, म्हणजे नीट आणि स्लॉब किंवा लोनर आणि आउटगोइंग, तर गेमच ती घेऊ देत नाही. मग एक परत टाकून दुसरी उचलायची. ही पद्धत पोरखेळ वाटेल, पण आपल्या डोक्यातली 'असा दिसतो म्हणजे असा वागणार' ही साखळी तोडायला याहून सोपा उपाय नाही.

चेहरा: समोरून कमी, बाजूने जास्त

सिम्स ४ मध्ये नाक-डोळे-गाल हाताने ओढून घडवता येतात. ओढण्याचा परिणाम मात्र तुम्ही कोणत्या बाजूने बघताय त्यावर ठरतो. समोरून ओढलं तर रुंदी आणि वर-खाली जागा बदलते. सिमला फिरवून बाजूने ओढलं तर खोली बदलते: नाक किती पुढे, कपाळ किती सरळ, हनुवटी किती आत. एकसारखे चेहरे करणारे बहुतेक जण फक्त समोरून काम करतात. त्यामुळे सगळ्यांची बाजूची रेषा गेमच्या मूळ ठेवणीचीच राहते, आणि खेळताना कॅमेरा तर बराचसा बाजूनेच असतो.

क्रम असा ठेवा. आधी चेहऱ्याचा आकार आणि जबडा, मग कपाळ, मग नाक, मग डोळ्यांमधलं अंतर, शेवटी ओठ आणि कान. कान कोणीच बदलत नाही, म्हणून ते जरूर बदला. घरातल्या माणसांना एकत्र बांधणारी खूण बरेचदा कानातच असते. प्रत्येक भागासाठी तयार नमुने असतात. त्यातला तुम्हाला न आवडणारा एखादा मुद्दाम निवडा आणि तिथून सुरू करा. आवडीच्या नमुन्यापासून सुरुवात केली की हात आपोआप नेहमीच्या चेहऱ्याकडेच जातो.

प्रमाणाचा अंदाज असा: एका चेहऱ्यात एक किंवा दोन गोष्टी ठळक, बाकीच्या मध्यम. बाकदार मोठं नाक घेतलं तर ते आधी ओढता येईल तितकं ओढा, मग साधारण निम्मं मागे आणा. सुरुवातीलाच थोडंसं ओढून थांबलं तर फरक खेळताना दिसतच नाही, कारण घरात सिम लहान दिसतो. सगळ्याच गोष्टी टोकाला नेल्या तर उलट व्यंगचित्र होतं. चेहऱ्यावर क्लिक केल्यावर मिळणाऱ्या डिटेल एडिट मोडमध्ये नाकपुड्या, नाकाचा कणा, पापण्यांचा कोपरा हे वेगवेगळे हलवता येतात. तिथे सगळ्यात शेवटी जायचं. आधीच बारकाव्यात शिरलं की मूळ ठेवण बदलायची हिंमत होत नाही.

दोन्ही डोळे, दोन्ही भुवया गेम एकसारख्याच हलवतो. खऱ्या चेहऱ्यातला थोडा तिरकेपणा ओढून मिळत नाही. तो आणायचा असेल तर एका गालावरचा तीळ, व्रण असे एका बाजूचेच तपशील वापरा.

त्वचेचा रंग

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि आपल्यासाठी हा भाग जिव्हाळ्याचा आहे.

डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये गेमला शंभरहून जास्त नवे त्वचारंग मिळाले. त्याआधीचे गडद रंग राखट आणि डागाळ दिसतात अशी तक्रार खेळाडूंनी बराच काळ लावून धरली होती, तिचा तो परिणाम होता. आता रंग वॉर्म, न्यूट्रल, कूल आणि इतर अशा गटांत मिळतात, आणि निवडलेला रंग स्लायडरने थोडा उजळ किंवा गडद करता येतो.

मराठीत रंगासाठी शब्द भरपूर आहेत: गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा, तांबूस, उजळ. हे शब्द नुसतं किती गडद ते सांगत नाहीत, आतली झाकही सांगतात. तांबूस म्हणजे खालून लाली, गव्हाळ म्हणजे पिवळसर सोनेरी. गेममध्ये ही झाक गटावर अवलंबून असते, गडदपणावर नाही. म्हणून आधी गट ठरवा, मग गडदपणा. गव्हाळ आणि तांबूस वॉर्म गटात शोधा, सावळा वॉर्म आणि न्यूट्रल दोन्हीत बघा. गडद रंग कूल गटातून घेतला की त्यात निळसर झाक येते. ज्या माणसाचा रंग खरोखर तसा आहे त्याला तो शोभतो, पण सावळी वॉर्म त्वचा करायची होती आणि हात कूल गटात गेला तर चेहरा आजारी दिसतो. मग लोक तो सुधारायला स्लायडर उजळाकडे ओढतात. रंग चुकलेला नसतो, गट चुकलेला असतो.

याला जोडूनच एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. घरातली सगळी माणसं एकाच छटेची करू नका, आणि नायिका म्हणून जी मनात आहे तिला सवयीने सगळ्यात उजळ करू नका. आपल्या कुठल्याही घरात दोन सख्ख्या बहिणींच्या रंगात फरक असतो. गेममध्येही तो दोन-तीन छटांचा ठेवला की घर खरं वाटायला लागतं.

कॅसमधला उजेड फसवा आहे. तिथे छान दिसलेला रंग दुपारच्या उन्हात फिका पडतो आणि रात्री घरातल्या पिवळ्या दिव्याखाली वेगळाच दिसतो. म्हणून रंग पक्का करण्याआधी सिमला एखाद्या रिकाम्या प्लॉटवर उतरवा. दुपारी बारा वाजता उघड्यावर आणि रात्री एका दिव्याखाली, दोन्ही ठिकाणी जवळून बघा. बदल लागला तर परत कॅसमध्ये जायची पद्धत खाली दिली आहे.

ओठांकडेही लक्ष द्या. सावळ्या चेहऱ्यावर ओठ फार गुलाबी वाटले तर तपकिरी किंवा जांभळट लिपस्टिक घेऊन तिचा ओपॅसिटी (ठळकपणा) स्लायडर बराच खाली आणा. लिपस्टिक दिसत नाही, ओठ फक्त त्वचेशी जुळतात. पुरुष सिमलाही हेच करा. मेकअप मात्र प्रत्येक पोशाखाला वेगळा लावावा लागतो. रोजच्या कपड्यांत जुळवलेले ओठ झोपायच्या कपड्यांत पुन्हा गुलाबी होतात, ते यामुळे. वांग, तीळ, व्रण, सुरकुत्या हे स्किन डिटेल्समधले तपशील सगळ्या पोशाखांत आपोआप राहतात. कोड, म्हणजे पांढरे चट्टे, असलेली त्वचाही २०२४ पासून मूळ गेममध्ये आहे.

अंग

उंची बदलायचा स्लायडर सिम्स ४ मध्ये नाही. हे आधीच लक्षात घ्या, म्हणजे शोधण्यात वेळ जाणार नाही. उंचीचा आभास प्रमाणातून आणायचा: पाय थोडे बारीक, खांदे अरुंद, मान लांब ठेवली की माणूस उंच वाटतो. मान आखूड, कंबर रुंद केली की बुटका वाटतो.

वजन आणि स्नायू यांचे दोन स्लायडर आहेत, आणि हे दोन्ही खेळताना बदलत राहतात. सिम व्यायाम करू लागला की बारीक होतो, खात बसला की भरतो. खांदे, कंबर, नितंब हाताने ओढून दिलेली ठेवण मात्र टिकते. म्हणून एखाद्याची अंगलट कायम राहावी असं वाटत असेल तर ती फक्त वजनाच्या स्लायडरवर सोडू नका, हाडाची ठेवण ओढून करा. अॅथलेटिक गटातलं अॅस्पिरेशन, म्हणजे सिमचं आयुष्यातलं ध्येय, निवडलं की सोबत हाय मेटाबॉलिझम हा स्वभाव मिळतो, त्याने शरीर लवकर घडतं. भरल्या अंगाचा सिम तसाच ठेवायचा असेल तर हे अॅस्पिरेशन टाळा.

जून २०१६ पासून अंगाची ठेवण, कपड्यांची पसंती, गर्भधारणा आणि उभं राहून की बसून लघवी करणं हे चारही पर्याय एकमेकांपासून सुटे झाले आहेत. नावाजवळच्या लिंगाच्या चिन्हातून प्रगत पर्याय उघडतात. पुरुषी ठेवण आणि बायकी कपडे, किंवा उलट, कसंही जमतं. अंगावरचे केसही दोन्ही ठेवणींना देता येतात. कपडे शोधताना बाजूच्या फिल्टरमध्ये ठेवणीप्रमाणे मस्क्युलिन किंवा फेमिनिन आधीच लागलेलं असतं. ती खूण काढली नाही तर अर्धे कपडे आणि केस दिसतच नाहीत, आणि 'गेममध्ये काहीच नाही' असं वाटतं.

गर्भधारणेचा पर्याय नीट विचार करून ठरवा. जोडप्यात एकाला 'गर्भवती होऊ शकते' आणि दुसऱ्याला 'दुसऱ्याला गर्भवती करू शकतो' असं असेल तरच 'ट्राय फॉर बेबी' हा पर्याय दिसतो. हे जुळत नसेल तर त्या घरात मूल दत्तक घेता येतं, त्याला १,००० सिमोलिऑन (गेममधलं चलन) लागतात. मूल न होणारं जोडपं, दत्तक मुलांचं घर हे असं सहज उभं करता येतं. कोणाचं मन कोणाकडे ओढलं जातं हे ठरवायचे पर्याय २०२२ मध्ये आले. इंग्रजीतून खेळत असाल तर सर्वनामंही त्याच वर्षापासून निवडता येतात.

जानेवारी २०२३ मध्ये श्रवणयंत्र, ग्लुकोज मॉनिटर, बाइंडर (छाती सपाट करणारं अंतर्वस्त्र) आणि छातीच्या शस्त्रक्रियेचे व्रण मूळ गेममध्ये आले. श्रवणयंत्राने गेममधलं ऐकणं-वागणं बदलत नाही, ते फक्त दिसतं. तरीही ते वापरा, आणि आजोबांनाच नको, शाळेतल्या मुलीलाही लावून बघा. लावल्यावर झोपायचे, पोहायचे, समारंभाचे कपडे एकेक उघडून ते सगळीकडे आहे ना ते बघा. चष्म्याचं तर हे नक्की करायला हवं, नाहीतर सकाळी चष्मा लावणारी बाई लग्नात अचानक चष्म्याशिवाय दिसते.

वय

गेममधली सगळ्यात मोठी अडचण इथे आहे: यंग अॅडल्ट आणि अॅडल्ट जवळजवळ सारखेच दिसतात. पंचविशीतली मुलगी आणि पन्नाशीची आई शेजारी उभ्या केल्या की बहिणी वाटतात. फरक आपल्यालाच करावा लागतो. पन्नाशीसाठी हे करा: नाकाजवळून ओठांकडे येणाऱ्या रेषा आणि कपाळावरच्या रेषा स्किन डिटेल्समधून द्या, गाल किंचित खाली ओढा, पापण्या थोड्या जड करा, हनुवटीखाली जरा भर द्या, कंबर आणि पोट सैल करा, खांदे किंचित आत घ्या. यातल्या निदान चार गोष्टी एकत्र झाल्या तरच वय दिसतं. फक्त केस पांढरे करून भागत नाही.

केसांना रंगाचं चक्र नाही, ठरलेल्याच छटा आहेत. केसांचा रंग बदलला की भुवया आणि दाढी स्वतंत्रपणे तपासा. पांढऱ्या केसांखाली काळ्याभोर भुवया हा फार नेहमीचा दोष आहे. सगळ्या म्हाताऱ्यांना एकच पांढरा देऊ नका. मेंदी लावणाऱ्या आजीचे केस तांबूस-केशरी असतात, कलप लावणाऱ्या काकांचे केस चेहऱ्याच्या मानाने जरा जास्तच काळे असतात. अशी एक छटा निवडली की तो माणूस ओळखीचा होतो.

रक्ताचं नातं

घर करताना वरच्या पिढीकडून खाली या. आधी आजी, मग तिचा मुलगा, मग बाहेरून आलेली सून, मग नातवंडं. नवा सिम जोडताना जेनेटिक्सचा पर्याय निवडला की गेम आईबापांच्या चेहऱ्यांतून मूल तयार करतो, भाऊ-बहीण किंवा पालकही काढता येतात. फासा पुन्हापुन्हा टाकता येतो. पाच-सहा वेळा टाका आणि मगच एक ठेवा.

उदाहरण घेऊ. आजी इंदू, वय बहात्तर, फुलझाडांची वेडी. चेहरा लांबट, नाक बाकदार, कान मोठे, रंग वॉर्म गटातला सावळा. अंगाने काटक: खांदे आत, मनगटं बारीक, पोट किंचित सुटलेलं. तिचा मुलगा जेनेटिक्समधून काढा. नाक आणि कान आईचे आले असा चेहरा येईपर्यंत फासा टाका, मग जबडा हाताने रुंद करा, म्हणजे न दिसलेल्या बापाचा वाटा दिसतो. सून पूर्णपणे वेगळ्या नमुन्यापासून, शक्यतो कॅसमधला सिम नव्याने सुरू करून करा. गोल चेहरा, छोटं नाक, रंग न्यूट्रल गटातला. सून आणि सासू यांच्यात काही म्हणजे काही सारखं नको, कारण तो फरकच पुढे नातवंडांत उतरणार आहे. आता दोघांची मुलं काढा. एकाला आजीचं नाक, दुसऱ्याला आईचं, आणि दोघांनाही आजीचे कान. घरात कोणीही शेजारी येऊन उभं राहिलं तरी हे एका रक्ताचे आहेत हे कळतं.

लहान मुलांचे चेहरे थोडेच घडवता येतात आणि त्या वयात सगळे गोंडस सारखे दिसतात. म्हणून मूल काढलं की त्याचं वय कॅसमध्येच तात्पुरतं यंग अॅडल्ट करा, चेहरा बघा, लागेल ते दुरुस्त करा आणि परत लहान करा. हे सगळं स्वभाव आणि कपडे देण्याआधी करायचं. वय बदललं की जास्तीचे स्वभाव गळून पडतात आणि कपडे पुन्हा द्यावे लागतात. किती स्वभाव मिळतात तेही वयावर असतं: प्रौढांना तीन, किशोरांना दोन, मुलांना एक.

कुटुंबात जास्तीत जास्त आठ सिम बसतात. नाती कॅसमध्येच लावून टाका. सुरुवातीला एका सिमला २०,००० सिमोलिऑन मिळतात आणि पुढच्या प्रत्येक सिममागे २,००० वाढतात, म्हणजे आठ जणांच्या घराला ३४,०००. एवढ्यात आठ जणांचं मोठं घर येत नाही, त्यामुळे एकत्र कुटुंबाला आधी दाटीवाटीनेच राहावं लागतं. ते तसंच ठेवा. स्वभावांची खरी परीक्षा एका न्हाणीघरात आठ जण असतानाच होते.

स्वभाव

आता चिठ्ठ्या काढा. इंदूआजीला समजा परफेक्शनिस्ट आणि लोनर आलं. तिसरा आपण कागद बघून लव्हज आउटडोअर्स देऊ. परफेक्शनिस्ट सिमला वस्तू करायला वेळ जास्त लागतो, पण ती चांगली उतरण्याची शक्यताही वाढते, आणि बिघडली तर त्याचं मन बिघडतं. लोनर माणसांच्या गर्दीत अस्वस्थ होतो आणि एकटा असला की खुलतो. आठ जणांच्या घरात लोनर आजी म्हणजे ती दिवसभर बागेत. ठोकळेबाज 'प्रेमळ आजी'पेक्षा ही बाई कितीतरी जास्त खरी वाटते, आणि आपण काहीही न करता ती स्वतःहून तशी वागते. अॅस्पिरेशन फ्रीलान्स बॉटनिस्ट दिलं की सोबत कलेक्टर हा जादा स्वभाव मिळतो.

अॅस्पिरेशन खेळताना कधीही बदलता येतं आणि आधी केलेली प्रगती वाया जात नाही, म्हणून त्यावर फार खल नको. मूळ तीन स्वभाव मात्र सहज बदलत नाहीत, तिथे वेळ द्या. एका घरात एकच स्वभाव दोनपेक्षा जास्त जणांना आला तर घर एकसुरी होतं. सगळेच चिअरफुल असलेल्या घरात काहीच घडत नाही. दुसरीकडे, आठही जण आठ टोकांचे केले तर दिवस भांडणं सोडवण्यातच जातो. आठ जणांत दोन जोड्या परस्परविरोधी, बाकीचे मधले, हे प्रमाण चांगलं चालतं.

आवडी-नावडी २०२१ मध्ये आल्या आणि स्वभावाइतक्याच कामाच्या आहेत. प्रत्येकाला तीन-चार आवडी आणि किमान दोन नावडी द्या. नावडी देताना लोक हात आखडतात, पण खरा फरक नावडीच घडवतात. बाग आवडणारी पण स्वयंपाक न आवडणारी आजी दिली की घरातला स्वयंपाक कोणी करायचा हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आवाज आणि चाल शेवटी. तीन-तीन आवाज आहेत आणि प्रत्येकाला उंच-खोल करायचा स्लायडर आहे. एका घरात दोघांना एकच आवाज द्यावा लागला तर स्लायडर दोन विरुद्ध टोकांकडे ठेवा. सिमलिश ही सिमची बनावट भाषा कळत नसली तरी दुसऱ्या खोलीतून कोण बोलतंय ते ओळखू येतं.

कपडे

पोशाखाच्या प्रत्येक गटात पाचपर्यंत जोड करता येतात. रोजचे किमान दोन द्या, त्यातला एक वापरून मऊ झालेला घरातला वाटावा. घरच्या घरी सतत नटलेली माणसं खोटी दिसतात. सिटी लिव्हिंग पॅकमध्ये दक्षिण आशियाई धाटणीचे कपडे आहेत. त्याच पॅकमधल्या सॅन मायशुनो शहरात गीता आणि राज रसोया हे कुटुंब आधीपासून राहतं. ऑक्टोबर २०२१ मधला फॅशन स्ट्रीट किट (छोटा पॅक) तर मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवरूनच केला आहे, आणि आझाद मैदानासमोर कपड्यांचे ढीग उपसलेल्यांना त्यातले रंग लगेच ओळखू येतील. यातलं काहीही वापरताना ते घरातल्या एकाच माणसावर, एकाच पोशाखात, बाकी साध्या कपड्यांबरोबर घाला. डोक्यापासून पायापर्यंत एकाच संस्कृतीचं दुकान मांडलं की तो माणूस उरत नाही, फॅन्सी ड्रेस होतो. हे आपल्या कपड्यांनाही लागू आहे आणि दुसऱ्यांच्या कपड्यांना तर जास्तच.

गेममध्ये नाही ते कस्टम कंटेंटमधून, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेल्या फाइलमधून येतं, पण फक्त पीसी आणि मॅकवर. डॉक्युमेंट्समधल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, मग द सिम्स ४, मग मॉड्स या फोल्डरमध्ये .पॅकेज फाइल टाका, गेमच्या पर्यायांत 'अदर' मध्ये कस्टम कंटेंट चालू करा आणि गेम बंद करून पुन्हा उघडा. प्रत्येक अपडेटनंतर हा पर्याय आपोआप बंद होतो आणि कपडे गेल्यासारखे दिसतात. तेव्हा पुन्हा चालू करा, आणि तोवर ते घर सेव्ह करू नका. त्वचेवर चढवायच्या फाइल घेताना सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ अशा दोन्ही सिमवर लावून बघा. बऱ्याच फाइल सगळ्यांची त्वचा गुळगुळीत आणि एकसारखी करून टाकतात, आणि वर केलेली सगळी मेहनत पुसली जाते. गॅलरीवर, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांना घरं-माणसं द्यायच्या गेममधल्या जागी, घर टाकलंत तर कस्टम कंटेंट सोबत जात नाही. समोरच्याला त्या जागी दुसरंच काहीतरी दिसतं.

तपासणी आणि दुरुस्ती

सगळे तयार झाले की सेव्ह करण्याआधी एक परीक्षा घ्या. प्रत्येकाला तात्पुरता एक नवा रोजचा पोशाख द्या: टक्कल, साधा एकरंगी टी-शर्ट, चष्मा-दागिने काहीही नाही. मग एकेकाला समोरून आणि बाजूने बघा. नाव न वाचता ओळखू आला तर झालं. दोघांत गल्लत झाली तर बहुतेक वेळा नाकाचा कणा किंवा जबड्याची रेषा सारखी असते, तिथेच बदल करा. केस आणि कपडे बदलून तात्पुरतं भागतं, पण पोहायच्या तलावावर दोघं पुन्हा एकसारखे दिसतात. परीक्षा झाली की तो पोशाख काढून टाका.

घरात सोडल्यावर चूक दिसली तर पीसीवर कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबा. कन्सोलवर खांद्याची चारही बटणं एकत्र. उघडलेल्या पट्टीत चीट, म्हणजे गेमचे नियम वळवणाऱ्या आज्ञा, टाइप करायच्या: आधी 'testingcheats true' आणि एंटर, मग 'cas.fulleditmode' आणि एंटर. त्यानंतर शिफ्ट धरून सिमवर क्लिक केलं की 'मॉडिफाय इन कॅस' दिसतं. दुसरी आज्ञा विसरलात तर रूप बदलेल, पण नाव आणि स्वभाव बदलता येणार नाहीत. कन्सोलवर चीट वापरल्यावर त्या सेव्हमध्ये ट्रॉफी मिळत नाहीत, म्हणून ट्रॉफी हव्या असतील तर वेगळा सेव्ह करून त्यात दुरुस्ती करा आणि दुरुस्त केलेलं घर गॅलरीतल्या तुमच्या लायब्ररीत ठेवून मूळ सेव्हमध्ये आणा.